शेजारी आधी, सोबती नंतर

मुलांच्या हट्टापायी घरात ससा येतो. मुलं शाळेत जातात, मोठी माणसं कामावर, आणि तो दिवसभर पिंजऱ्यात एकटा. मग कुणाला तरी कळवळा येतो, बाजारातून दोन पिल्लं आणली जातात आणि ‘घे, तुला सोबत’ म्हणून थेट त्याच्याच पिंजऱ्यात सोडली जातात. एखाद्या पिल्लाचा कान रात्रीत फाटतो. दोष लागतो जुन्या सशाला: दुष्ट आहे, मत्सरी आहे.

हा दोष मला मान्य नाही. चंबळच्या बीहडांत दिसणारा रानससा एकांडा असतो, बीळही करत नाही. आपण पाळतो तो वेगळ्या जातीचा. त्याचे युरोपातले पूर्वज जमिनीखाली बिळांचं जाळं खणून कळपानं राहतात. म्हणून एकटेपण त्याला खरोखरच जाचतं. पण कळपात राहणारा प्राणी आपली हद्दही जपतो. त्याच्या हनुवटीखाली गंधाची ग्रंथी असते. भांडं, कोपरा, दार, सगळ्यावर हनुवटी घासून तो ‘हे माझं’ असं सांगून ठेवतो. त्या जागेत आपण परका वास आणून सोडतो आणि वर त्याच्याकडून प्रेमाची अपेक्षा करतो!

1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी पडली. तिचंच पुढे ‘लष्कर’ नावाचं शहर झालं. जुनं ग्वाल्हेर आणि लष्कर बराच काळ शेजारी शेजारी नांदले, मग एक शहर झालं. सशांनाही आधी असा शेजार द्यावा. दोन पिंजरे जवळ, पण एकमेकांना चावता येणार नाही इतक्या अंतरावर. याच्या अंगाखालचं गवत त्याच्याकडे, त्याचं याच्याकडे. वासाची ओळख झाली, की पहिली भेट दोघांच्याही मालकीची नसलेल्या जागी, न्हाणीघरात किंवा कधीच न वापरलेल्या खोलीत. पाय घसरू नयेत म्हणून खाली चटई, आणि माणूस शेजारी बसलेला. थोडा पाठलाग, अंगावर चढणं चालायचंच. त्यातून मोठं कोण ते ठरतं. पण दोघं गोल गोल फिरत एकमेकांचे लचके तोडू लागले, तर भेट तिथेच थांबवावी. एकानं दुसऱ्याचं कपाळ चाटलं, दोघं अंगाला अंग लावून पसरले, की जमलं समजा. याला काही दिवस लागतात, कधी कित्येक आठवडे.

पिल्लांच्या बाबतीत एक फसगत ठरलेली. लहान असताना मोठा ससा त्यांना बऱ्याचदा खपवून घेतो, आपण निर्धास्त होतो. तीन-चार महिन्यांत ती वयात येतात आणि जमलेली मैत्री मोडते. सख्खे भाऊसुद्धा एकमेकांना रक्तबंबाळ करतात. नर-मादी असतील तर महिन्याभरात घरात पिल्लं, आणि व्यायल्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून जोडी जमवण्याआधी सशांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून नसबंदी करून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतरही नर काही आठवडे प्रजननक्षम राहतो. तोवर त्याला मादीपासून वेगळं ठेवणं भाग आहे.

आणि हे सगळं मे महिन्यात नको. ग्वाल्हेरचा पारा 45 च्या वर जातो तेव्हा अंगातली उष्णता बाहेर टाकायला सशाकडे मुख्यतः त्याचे कानच असतात. तिशीच्या पुढेच त्याला त्रास सुरू होतो. कूलरजवळ कसाबसा दिवस काढणाऱ्या जीवाला अशा वेळी नव्या ओळखीची परीक्षा देऊ नये. दिवाळीनंतरची थंडी त्यासाठी चांगली.

एवढा वेळ घरात कुणाकडे नसेल, तर पिल्लं आणू नका. रोज संध्याकाळी थोडा वेळ जमिनीवर सशाजवळ बसा. आणि आणलीतच, जोडी जमलीच, तर एकाला दवाखान्यात न्यायचं झालं तरी दोघांनाही बरोबर न्या. एकटा जाऊन आलेला ससा दवाखान्याचा वास घेऊन परततो, आणि घरी राहिलेला त्याला ओळखत नाही.