सब्र कुणी करायचा?

आजची आयत: सूरह बनी इस्राईल (१७), आयत २६



आजच्या आयतीचा आशय थोडक्यात असा: नातलगाला त्याचा हक्क दे, गरजूला आणि वाटसरूलाही दे, आणि उधळपट्टी करू नकोस. वाचताना सोपी वाटते. पण शिया रिवायतींमध्ये, आणि अबू सईद खुदरी यांच्या हवाल्याने काही सुन्नी तफसीरींमध्येही, या आयतीशी एका जमिनीचं नाव जोडलेलं आहे: फदक. ही आयत उतरली तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी बीबी फातिमा (स.) यांना बोलावून फदक देऊन टाकलं, असं त्यात येतं.

फदक म्हणजे मदीनेच्या उत्तरेला, खैबरजवळची वस्ती. वाळवंटात पाणी, शेती, खजुराच्या बागा. हिजरी ७ मध्ये (इ.स. ६२८) खैबरच्या लढाईनंतर तिथल्या यहुदी रहिवाशांनी न लढता तह केला आणि अर्धी जमीन दिली. घोडे-उंट न दौडवता हाती आलेल्या अशा मालाचं काय करायचं, हे सूरह हश्रच्या (५९) आयत ६ आणि ७ मध्ये आहे. तो माल रसूलांच्या अखत्यारीत राहील. नातलग, यतीम, गरीब आणि वाटसरू यांचा त्यात वाटा असेल. कारणही तिथेच दिलंय: संपत्ती फक्त श्रीमंतांमध्येच फिरत राहू नये.

हिजरी ११ मध्ये रसूलुल्लाहंची वफात झाली आणि वाद उभा राहिला. खलीफा अबू बक्र यांनी फदक ताब्यात घेतलं. नबी वारसा ठेवत नाहीत, ते मागे ठेवतात तो सदका असतो, असं आपण रसूलांकडून ऐकलंय, ही त्यांची भूमिका. सुन्नी परंपरा म्हणते की ते ऐकलेल्या हदीसला बांधील होते आणि उत्पन्न पूर्वीसारखंच खर्च होत राहिलं. बीबी फातिमांचं म्हणणं होतं की ही जमीन वडिलांनी हयातीतच दिली होती. साक्षीला हजरत अली (अ.) आणि उम्मे ऐमन उभे राहिले, पण ती साक्ष पुरेशी मानली गेली नाही. मग त्यांनी वारसाहक्काचा मुद्दा मांडला आणि आधार कुरआनमधूनच दिला: हजरत सुलैमान हजरत दाऊद यांचे वारस झाले (२७:१६), आणि हजरत झकरिया यांनी वारसासाठी दुआ केली (१९:५-६). जमीन मिळाली नाही. त्या नाराज झाल्या आणि शेवटपर्यंत खलीफांशी बोलल्या नाहीत, हे सहीह बुखारीतही नोंदलेलं आहे.

इथे मला एक प्रश्न नेहमी अडवतो. याच बीबी फातिमांचे हात जातं ओढून सोलवटले होते. त्यांनी वडिलांकडे एक सेवक मागितला, तेव्हा वडिलांनी सेवकाऐवजी एक जिक्र शिकवला: ३४ वेळा अल्लाहु अकबर, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३३ वेळा सुब्हानल्लाह. आपण रोज नमाजनंतर पढतो तीच ही तस्बीह. तिथे त्यांनी ‘नाही’ निमूट स्वीकारलं. मग फदकच्या वेळी का नाही? दुनियेची ओढ नसलेली व्यक्ती एका जमिनीसाठी भर मशिदीत खुतबा का देते?

मला सापडलेलं उत्तर असं. सेवक ही सोय होती, आणि स्वतःची सोय सोडता येते. फदक हा हक्क होता. हक्काबद्दल गप्प बसलं की फक्त आपलंच नुकसान होत नाही, चुकीची गोष्ट बरोबर म्हणून रुजू होते. जमीन गेली तरी चालेल, पण ती कुणाची होती हे सांगितलं गेलंच पाहिजे. आपल्या आयटीवाल्यांच्या भाषेत बोलायचं तर इश्यू सुटो न सुटो, तो नोंदवायचाच. नोंदवल्याशिवाय बंद करणं म्हणजे तो नव्हताच असं म्हणणं.

पण हक्क सांगणं म्हणजे काहीही करून तो ओरबाडणं नव्हे. त्यांनी दलील दिली, साक्षीदार आणले, कुरआनचा आधार दिला आणि सगळं उघडपणे केलं. पुढे इ.स. ६५६ ते ६६१ मध्ये हजरत अली स्वतः खलीफा होते. एका हुकुमानं फदक परत घेता आलं असतं, तरी त्यांनी घेतलं नाही. नहजुल बलागातल्या एका पत्रात ते फदकचा उल्लेख करतात, निवाडा अल्लाहवर सोपवतात आणि उद्या कबरीत जाणाऱ्याला फदकचं काय करायचं, अशा अर्थाचं लिहितात. नंतर उमर बिन अब्दुल अजीज (७१७–७२०) यांनी फदक फातिमांच्या वंशजांना परत केलं, पुढच्यांनी पुन्हा काढून घेतलं. अब्बासी काळात हेच चालू राहिलं: मामूननं दिलं, मुतवक्किलनं परत घेतलं.

म्हणजे एकाच घरात बीबींनी हक्क मागितला आणि अलींनी सोडला. यात विरोध दिसतो, पण मला तो वाटत नाही. सोडण्याचा अधिकार हक्कदाराचा असतो, आणि आधी तो हक्क आहे हे ठामपणे सांगितलेलं असतं, तेव्हाच सोडण्याला अर्थ येतो. ज्याच्या हातात दुसऱ्याचं काही आहे, त्यानं समोरच्याला सब्र शिकवायचा नसतो. आजची आयत कुणाशी बोलतेय ते बघा. ती घेणाऱ्याला ‘सोडून दे’ म्हणत नाही, ज्याच्याकडे आहे त्याला म्हणते: दे.

आता आपल्याकडे या. अय्यामे फातिमियात आपण मजलिसला बसतो. वडिलांनी मुलीला दिलेली जमीन तिला मिळाली नाही म्हणून रडतो. आणि आपल्याच घरांत वडील गेल्यावर बहिणीपुढे हक्कसोड पत्र येतं. ‘तुझ्या लग्नात खर्च झालाच की’, ‘भावाशी नातं महत्त्वाचं की फ्लॅट?’ ती सही करते, आणि आपण म्हणतो, तिनं खुशीनं सोडलं. सूरह निसा (४:७) सांगते की आई-वडील आणि नातलग मागे ठेवतील त्यात स्त्रियांचाही ठरलेला हिस्सा आहे, मग ते थोडं असो वा जास्त. तिचा हिस्सा किती हे तिला सांगितलंच नसेल, ‘नाही’ म्हटलं तर माहेर तुटेल अशी भीती असेल, तर ती खुशी कसली? आधी हिस्सा तिच्या नावावर, तिच्या हातात यावा. मग ठेवायचा की द्यायचा, ते तिनं ठरवावं.

आपली प्रत्येक मागणी मात्र हक्क नसते, हेही खरंच. हाव बऱ्याचदा हक्काचंच नाव सांगते. मी एक साधी कसोटी लावतो: जो नियम माझ्यासाठी मागतोय तो माझ्याविरुद्ध गेला तरी मान्य करीन का? आणि ही मागणी चारचौघांत, दलीलसकट मांडू शकेन का?

आजचा अमल: आज रात्री तस्बीहे फातिमा पढताना एक नाव आठवा. तुम्हाला कुणाकडून काय यायचंय ते आज राहू दे. कुणाचं काय तुमच्याकडे आहे, ते आठवा. बहिणीचा हिस्सा, रूममेटचं डिपॉझिट, कामवाल्या मावशींचा राहिलेला पगार. आणि उद्या ते देऊन टाका.

या अल्लाह, आमच्या हक्कांबाबत आम्हाला सब्र दे, आणि दुसऱ्यांच्या हक्कांबाबत घाई. आमीन.