त्याग त्यांचा, ऋण आपले

बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाच्या बाजूच्या रझाकारांविरुद्ध शस्त्र घेऊन उतरल्या. जीव धोक्यात घालून त्यांनी सशस्त्र तुकड्यांना हत्यारे आणि निरोप पोचवले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, त्यात अशा अनेक बायांचा वाटा आहे. त्यांची आठवण का ठेवली नाही असे विचारले की उत्तर येते, त्यांनी नावासाठी थोडेच केले? गीताच फळाची आशा सोडायला सांगते. मला हे उत्तर धर्माला सोडून वाटते. दुसरा अध्याय फळाची आसक्ती सोडायला सांगतो, ते कर्त्याला. ज्याच्या पदरात ते फळ पडले, त्याला तिसरा अध्याय बजावतो की मिळालेल्याची परतफेड न करता जो भोगतो, तो चोर. तिथे विषय यज्ञाचा आणि देवांचा आहे हे खरे. पण देण्याघेण्याच्या त्या चक्रातून माणसांना वगळायचे कारण नाही.

हा प्रश्न एकट्या मराठवाड्याचा नाही. १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याच्या ६८८८व्या बटालियनमधल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी इंग्लंडमध्ये तुंबलेले सैनिकांचे टपाल सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांत मार्गी लावले. एकाच नावाचे हजारो सैनिक, त्यातून नेमका माणूस शोधून पत्र द्यायचे. पुढे फ्रान्समध्ये त्यांच्यातल्या तिघी अपघातात गेल्या, तेव्हा अंत्यविधीसाठी सोबतिणींनाच वर्गणी काढावी लागली. या बटालियनला अमेरिकी काँग्रेसचे (संसदेचे) सुवर्णपदक देण्याचा कायदा झाला २०२२ मध्ये. त्या स्त्रियांनी मानाची अट घालून काम केले नव्हते. म्हणून त्यांच्या देशाचे देणे फिटले होते का?

कोणी म्हणेल, सत्काराने त्यागाचे मोल कमी होते. मागून घेतलेल्या सत्काराने होईलही. न मागता जाणलेल्या उपकाराने नाही. दुसरा आक्षेप असा की यातून शस्त्राचा गौरव होतो. हिंसा टाळण्यासारखीच आहे, पण पुरुषाने उचललेले शस्त्र पराक्रम आणि बाईने उचललेले अपवाद, हा भेद अहिंसेतून आलेला नाही. हे देणे पुतळ्याने फिटणार नाही. गावागावांतली अशी नावे, त्यांची कामे आणि त्यांनी सोसलेले हाल शाळेच्या पुस्तकात नोंदवले पाहिजेत. निष्काम राहणे हा त्यांचा धर्म होता. कृतज्ञ राहणे हा आपला आहे.