पहिल्या साक्षीचे काय झाले?



प्रायश्चित्तकाळातील पाचव्या आठवड्याच्या सोमवारी मिस्सेत सुसान्नेची कथा वाचली जाते. वाचन लांबलचक, त्यातून दिवस कामाचा, त्यामुळे ते ऐकायला चर्चमध्ये आपण थोडेच असतो. दोन वडीलधारे, तेही न्यायाधीश, एका निष्पाप स्त्रीवर आळ घेतात. लोक त्यांच्यावर विश्वास ठेवतात, कारण बोलणारी माणसे मोठी आहेत. तिला मरणाची शिक्षा होते. तेवढ्यात दानिएल नावाचा तरुण गर्दीला थांबवतो. तो काही चमत्कार करत नाही. दोघा साक्षीदारांना वेगवेगळे उभे करतो आणि दोघांना एकच प्रश्न विचारतो: कोणत्या झाडाखाली पाहिलेत? दोघे दोन वेगळी झाडे सांगतात.

हा प्रश्न आमच्या देशात वेळेवर विचारला गेला नाही, तर काय होते?

जून २००३ मध्ये नाशिकजवळ झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, स्त्रियांवर अत्याचार झाले. घरातली आई आणि एक मुलगा जखमी होऊन वाचले. भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना अटक झाली. २००६ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली व तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. गुन्ह्याच्या वेळी त्यांच्यातला एक जण अठरा वर्षांचाही नव्हता, हे पुढे सिद्ध झाले.

त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन प्रकरण नव्याने ऐकले. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, अब्दुल नझीर व शहा यांनी सहाही जणांना निर्दोष सोडले. तुरुंगात सोळा वर्षे गेली होती. सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत आणि चुकार पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी, असाही आदेश झाला.

या निकालात मला सर्वात जास्त बोचते ते वेगळेच आहे. त्या जखमी आईने घटनेनंतर काही दिवसांतच पोलिसांकडील फोटोंमधून चार माणसे ओळखली होती. ती चार माणसे या सहांपैकी नव्हती. त्यांच्यावर खटला चाललाच नाही. पुढे ओळखपरेडमध्ये व न्यायालयात तिने या सहांकडे बोट दाखवले हे खरे. पण तिची पहिली साक्ष बाजूला का पडली, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिले नाही.

आपण नेहमी म्हणतो, "आरोपीच्या हक्कांचे एवढे कौतुक, मग ज्यांचे घर उजाडले त्यांचे काय?" प्रश्न रास्त आहे. पाच मृतदेह पाहिलेल्या आईपुढे कायद्याची बारकी कलमे सांगत बसायला मलाही धीर होणार नाही. पण इथे तिच्याच नावाने फाशी मागितली गेली आणि तिचेच पहिले शब्द कोणी तपासले नाहीत. ज्या दिवशी भलत्याच माणसांना गुन्हेगार ठरवले, त्या दिवसापासून खऱ्यांचा शोध थांबला. निरपराध्याला शिक्षा झाली म्हणून पीडिताला न्याय मिळतो, हे गणित कुठेच बसत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न तेराव्या शतकात हाताळला आहे. दुसऱ्याविषयी शंका असेल तर ती चांगल्या बाजूने घ्यावी, असे ते सांगतात. यावर आक्षेप येतो की अशाने आपण पुष्कळदा फसू. थॉमस तो मान्य करतात. वाईट माणसाविषयी चांगला ग्रह करून वारंवार चुकणे परवडले. पण चांगल्या माणसाविषयी वाईट ग्रह करून क्वचितही चुकू नये, कारण त्यात त्या माणसावर अन्याय होतो. (थॉमस मृत्युदंडाच्या विरोधात नव्हते, हेही सांगायला हवे. चर्चची शिकवण पुढे गेली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथातील २२६७ वा परिच्छेद बदलून मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला.)

न्यायाधीश चुकले, पोलीस चुकले, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या जालना जिल्ह्यात रात्री कुठे चोरी झाली, तर सकाळी लोकांची नजर आधी कुठे जाते? गावाबाहेरच्या पालाकडे. इंग्रजांनी १८७१ मध्ये काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण चहाच्या टपरीवर तो अजून चालूच आहे. सर्वोच्च न्यायालयानेही त्या निकालात नोंदवले की आरोपी भटक्या जमातीचे व अत्यंत गरीब होते, आणि अशांना खोटे गुंतवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही. सुसान्नेच्या वेळी लोकांनी साक्षीदारांची प्रतिष्ठा पाहिली. आपण आरोपीची जात पाहतो. दोन्हीकडे पुरावा मात्र पाहायचा राहून जातो.

या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या भक्तीत आपण त्या सहा कुटुंबांसाठी आणि त्या आईसाठी एकत्र प्रार्थना करणार आहोत. पहिल्या स्थानाला, जिथे पिलात हात धुतो, तिथे थोडा वेळ शांत थांबू. त्या वेळी प्रत्येकाने मनात एक तरी असे नाव आठवावे, ज्याला आपण काही न विचारताच दोषी धरले आहे.

आपला,
फादर