रेस बदलली, भरत तोच



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, पाचवा स्कंध, अध्याय ८ ते १०.

तीन हाका मारूनही कुणी जागचं हललं नाही की घरात म्हणतात, "काय जडभरतासारखा बसलायस!" हा शब्द ज्याच्यावरून आला तो मुळात राजा होता. भारतवर्षाला नाव त्याच्यावरून मिळालं, असं भागवत सांगतं. आज त्याची कथा काढायचं कारण म्हणजे सत्संगानंतर एका तरुणाने विचारलेला प्रश्न. तो म्हणाला, "दादा, मी सहा वर्षं एकच कॅरेक्टर खेळतोय. आता त्याची रेस बदलावीशी वाटतेय. बदलली तर तो तोच राहील का?"

दोघंतिघं हसले. पण प्रश्न साधा नाहीये.

जे असे गेम खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ साली आला. माणूस, ड्वार्फ, ऑर्क, एल्फ अशांपैकी एक रेस सुरुवातीलाच निवडायची आणि ती कायमची. दुसरी हवी असेल तर नवं कॅरेक्टर काढा, पुन्हा पहिल्या लेव्हलपासून चढा. २००९ मध्ये पैसे भरून रेस बदलायची सोय आली. चेहरा बदलतो, बांधा बदलतो, त्या रेसची खास ताकद बदलते. लेव्हल मात्र तीच राहते. शस्त्रं आणि अचीव्हमेंट्सही राहतात.

'फायनल फँटसी १४' मध्ये तर यासाठी औषधाची बाटलीच आहे, फँटेशिया नावाची. मूळ कथेचा शेवट गाठला की एक फुकट मिळते. ती प्यायची, लॉग आउट व्हायचं. परत आलात की कॅरेक्टर घडवायचा पडदा समोर येतो. हवं ते शरीर घ्या. नाव तेच, मित्र तेच. आणि हो, अर्धवट सोडलेल्या क्वेस्टही त्याच!

आता भरताकडे येऊ.

भरताने राज्य सोडलं आणि गंडकी नदीच्या काठी पुलह ऋषींच्या आश्रमात तो एकटा साधना करू लागला. एक दिवस एक गाभण हरिणी पाणी प्यायला आली. जवळच सिंहाची डरकाळी झाली. तिने घाबरून उडी मारली, पाडस नदीत पडलं, हरिणी मेली. भरताने ते पाडस उचलून आणलं. यात चूक काहीच नव्हती, ती दयाच होती. पण हळूहळू पूजा मागे पडली. पाडसाने खाल्लं का, ते कुठे गेलं, अजून का आलं नाही, एवढंच मनात राहिलं. मरताना नजर त्याच्यावरच होती. पुढचा जन्म हरणाचा मिळाला.

इथे भागवत एक फार मोठी गोष्ट सांगतं. शरीर हरणाचं झालं, पण आधीच्या जन्मातली साधना पुसली गेली नाही. आपण कोण होतो, कुठे अडकलो, हे त्या हरणाला आठवत होतं. ते आईला सोडून पुन्हा त्याच आश्रमाच्या जागी आलं, सुकी पानं खाऊन राहिलं आणि देह सुटायची वाट पाहत थांबलं. तिसऱ्या जन्मी तो ब्राह्मणाच्या घरी आला. आता पुन्हा कशात गुंतायला नको म्हणून वेड्यासारखा वागू लागला. लोक त्याला जड म्हणू लागले.

राजा, हरीण, ब्राह्मण. तीन शरीरं, भरत एकच.

म्हणजे त्या तरुणाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. रूप बदललं तरी कमावलेलं सोबत येतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनही हेच विचारतो, की योगाच्या वाटेवर मध्येच थांबलेला माणूस फुटलेल्या ढगासारखा वाया जातो का? भगवंत सांगतात, चांगलं करणाऱ्याची वाईट गत होत नाही. मागच्या देहात मिळालेली समज त्याला पुढच्या देहात परत मिळते आणि तिथून तो पुढे जातो. पुन्हा पहिल्या लेव्हलपासून नाही!

उरलेलं अर्धं उत्तर जरा टोचणारं आहे. अर्धवट राहिलेलंही सोबत येतं. गेममध्ये नवा चेहरा आपण स्लायडर सरकवून निवडतो. भरताचा नवा चेहरा त्याच्या मनाने निवडला, रोज ज्याचा ध्यास घेतला त्यातून. म्हणून शहर बदललं, नोकरी बदलली, हेअरस्टाइल बदलली की आपण नवे झालो, असं होत नाही. जुना राग, जुनी भीती नव्या पत्त्यावर आपल्या आधी पोचलेली असते.

सगळे गेल्यावर तो तरुण थांबला होता. हळू आवाजात म्हणाला, "गेल्या वर्षी आजारपणात स्टिरॉइड्स होती. चेहरा सुजला, वजन वाढलं. नातेवाईक ओळखत नाहीत. आरशात बघतो तेव्हा मलाही वाटतं, हा कोण?"

तेव्हा कळलं, तो विचारत कशाबद्दल होता.

दोस्ता, आधी एक सांगतो. भरताची कथा दुसऱ्याच्या आजाराचा हिशेब मांडायला नाही. "मागच्या जन्मी काहीतरी केलं असेल," असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नकोस. ही कथा प्रत्येकाने फक्त स्वतःच्या मनावर लावून पाहायची असते.

तुझ्यासाठी यात दहावा अध्याय आहे. सिंधू-सौवीर देशाचा राजा रहूगण पालखीतून चालला होता. भोयांना एक माणूस कमी पडला म्हणून त्यांनी वाटेतल्या भरताला जुंपलं. पायाखाली जीव येऊ नये म्हणून तो बघून बघून पाऊल टाकायचा. पालखी हिंदकळली. राजाने त्याच्या शरीरावरून खवचट टोमणे मारले. भरत शांतपणे म्हणाला ते असं : जाडेपणा, बारीकपणा, आजार, म्हातारपण हे सगळं देहाचं आहे. देहालाच 'मी' म्हणणाऱ्याला ते लागतं. मला नाही. ते ऐकून राजा पालखीतून उतरला आणि त्याच्या पाया पडला.

स्क्रीनवरचा योद्धा म्हणजे तू नाहीस, हे तुला माहीत आहे. तू खुर्चीत बसून त्याला चालवतोस. आता अजून एक पाऊल मागे ये. खुर्चीतलं शरीरही तू नाहीस. सुजलेला चेहरा आरशात ज्याला दिसतो, तो स्वतः सुजलेला नाही. तो आजाराआधी होता तोच आहे.

दुःख होतं, ते खोटं नाही. औषधं वेळेवर घे, डॉक्टरांचं ऐक. कॅरेक्टरची रेस बदलावीशी वाटली तर खुशाल बदल, त्यात पाप नाही. फक्त आरशासमोर "हा कोण?" हा प्रश्न आला की तो घाबरून झटकू नकोस. आपल्या साऱ्या शास्त्रांची सुरुवात त्याच प्रश्नाने होते.

आजचा नेम : रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं. दिवसभरात मन सगळ्यात जास्त कशापाशी घुटमळलं, ते प्रामाणिकपणे आठवा. ते आपलं आजचं पाडस. त्याला हाकलू नका, त्याला चारा घाला. पण आधी नामस्मरण, मग पाडस.

राम कृष्ण हरी!