ख्रिस्तसभा आणि ग्रामसभा



‘चर्चला चाललो’ असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे क्रूस लावलेली इमारत येते. संत पौल मात्र आपल्या पत्रांत ‘एक्लेसिया’ हा ग्रीक शब्द वापरतो. त्याचा अर्थ जमलेली माणसे. त्या मानाने आपला ‘ख्रिस्तसभा’ हा शब्द फार नेमका आहे.

एक्लेसिया हा शब्द ख्रिस्ती लोकांनी घडवलेला नाही. ख्रिस्तापूर्वी पाचव्या शतकात अथेन्सच्या नागरिकांच्या सभेला हेच नाव होते. ती एका टेकडीवर उघड्यावर भरे. खाली बाजारचौकाच्या कडेला ५०० सभासदांच्या मंडळाची इमारत होती. हे सभासद चिठ्ठ्या टाकून वर्षभरासाठी निवडले जात. शेजारच्या गोल इमारतीत पाळीचे ५० जण जेवत आणि त्यांतले काही रात्रीही तिथेच थांबत. नगरावर संकट आले तर कुणीतरी जागेवर हवे ना! स्त्रिया, गुलाम आणि परके यांना मात्र सभेत जागा नव्हती.

पुढे संत पौल अथेन्सला आला, तेव्हा तो बाजारचौकात रोज लोकांशी बोलत असे. तिथे ज्यांनी विश्वास ठेवला त्यांत दामारी नावाची एक स्त्री होती (प्रेषितांची कृत्ये १७). इफिसच्या नाट्यगृहात तर अशी गर्दी लोटली की आपण कशासाठी जमलो हेच बहुतेकांना ठाऊक नव्हते (१९:३२). त्या गर्दीलाही लूक एक्लेसियाच म्हणतो. ग्रामसभा पाहिलेल्यांना हसू येईल.

पण आपल्यापैकी किती जणांनी ती पाहिली आहे? १५ ऑगस्टला पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण, आणि बहुतेक गावांत त्याच दिवशी ग्रामसभा. घरकुलाची यादी तिथे वाचली जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्याची सुरुवातही ग्रामसभेतूनच होते. देवरी-सालेकसाकडे जंगलालगत राहणाऱ्यांना हे मी सांगायला नको. तरी मागच्या वर्षी आपल्या एका विधवा भगिनीचे नाव यादीतून गळले, आणि ‘हिचे घर पावसात पडले आहे’ एवढे सांगायला आपला एकही माणूस तिथे नव्हता. मीही नव्हतो. मिस्सा केव्हाच संपली होती; मी सणाच्या जेवणाला बसलो होतो.

यंदा १५ ऑगस्टची मिस्सा सकाळी साडेसहाला होईल. जेवण संध्याकाळी ठेवू. आपापल्या गावच्या ग्रामसभेची वेळ पंचायतीच्या फलकावर पाहून मला कळवावी. त्या भगिनीच्या गावी मी स्वतः जाणार आहे. सोबत कोण येणार, ते आज मिस्सेनंतर सांगा.