आप्पांचं दुसरं मृत्युपत्र

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. मूलबाळ नव्हतं, चुलती आधीच गेलेली. ओढ्याकाठचा दोन एकरांचा तुकडा त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला, वडिलोपार्जित नव्हे. त्यामुळं तो कुणाला द्यायचा, ही त्यांची मर्जी. पहिल्या मृत्युपत्रात त्यांनी तो मला आणि धाकट्या चुलतभावाला निम्मा-निम्मा दिला. पुढं त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. अंथरूण धरलं ते धाकट्याच्या घरी, आणि तिथंच दुसरं मृत्युपत्र झालं. सगळा तुकडा धाकट्याला. पहिल्यावर सही होती, दुसऱ्यावर अंगठा.

तेरावा उरकल्यावर तो कागद बघितला आणि डोकं तापलं. तडक तालुक्याला वकिलाकडं गेलो.

वकील म्हणाले, "मृत्युपत्र माणूस जिवंतपणी कितीदाही बदलू शकतो. अंगठाही चालतो, दोन साक्षीदार पाहिजेत. १९२५ च्या वारसा कायद्यात ६१ वं कलम आहे. फसवून, धाक घालून, किंवा माणसाला स्वतःची मर्जीच उरू नये इतका पिच्छा पुरवून करून घेतलेलं मृत्युपत्र रद्द ठरतं. पण त्याच कलमाखाली उदाहरणं दिलीत. वारशाच्या आशेनं कुणी सेवा केली, गोड बोलून मर्जी मिळवली, तर तेवढ्यानं ते रद्द होत नाही."

म्हणजे लोभाची सेवा कायद्याला चालते. दबाव तेवढा चालत नाही, आणि जो दबाव म्हणतो त्यानंच तो दाखवायचा. "म्हातारा उठू शकत नव्हता, औषधपाणी सगळं त्यांच्या हातात होतं, तसं लिहू," वकील म्हणाले. मला बरं वाटलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "पैल्या बारीला आप्पास्नी तालुक्याला कुणी नेलं हुतं?"

"मी. मोटरसायकलवर."

"लिहिणाऱ्याचं पैसं?"

"मीच दिलं."

"मग तवा ती माया, आन् आता त्यो दबाव व्हय?"

मी गप्प बसलो. पण तिनं न विचारलेली गोष्ट त्याहून जड होती. आप्पा अंथरुणाला असताना मी दोन वर्षांत बोटावर मोजण्याइतक्या वेळा गेलो. एकदा हात धरून म्हणाले, "मला घिऊन चल की रं चार दिस." मी म्हणालो, "ऊसतोड आटपू दे, आप्पा." ऊसतोड आटपली. मी गेलो नाही.

आप्पांनी दुसरा अंगठा मोकळ्या मनानं उठवला, असं मला आजही वाटत नाही. ज्याच्या हातनं पाणी प्यायचं, त्याला नाही म्हणणं सोपं नसतं. धाकट्याला धमकी द्यायची गरजही पडली नसेल. पण म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणता यायला जायला दुसरं घर लागतं. ते घर माझं होतं, आणि त्याचं दार मीच लावून घेतलं होतं. दबाव टाकणाऱ्याला कोर्टात उभं करता येतं. दार लावणाऱ्याला कुठं उभं करायचं?

कुणी भांडूच नये, असं माझं म्हणणं नाही. शुद्ध नसलेल्या माणसाचा अंगठा कुणी उठवून घेतला असेल, तर जरूर कोर्टात जावं. पण जाण्याआधी आपण शेवटचं कधी भेटलो होतो, ते आठवून बघावं. समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार.

मी दावा घातला नाही. यात मोठेपणा काही नाही. ओढ्याकडनं जाताना धाकट्याचा ऊस दिसतो, आणि माझ्या एकराचे किती टन निघाले असते, याचा हिशेब मी अजूनही करतो. हिशेब संपला की आप्पांचा हात आठवतो.