आवाज आपल्या चालीला

आधी नीट बसा. भिवंडीतली एक खोली मनात आणा. भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू आहेत, खटखट थांबत नाही. ती दूर सारू नका. तिथे एकट्याने अनेक माग सांभाळणारा कारागीर त्याच खटखटीतून ओळखतो, कोणता माग थांबला, कुठली कांडी संपली. गोंगाटातून हवं तेवढंच ऐकणं त्याला साधलं आहे. आपण तेच संगणकासमोर करून पाहू.

डोळे मिटा. विंडोज, कंट्रोल आणि एंटर ही बटणं एकत्र दाबा. पडद्यावरचं वाचून दाखवणारा विंडोजचा नॅरेटर बोलू लागेल. विंडोज २०००पासून तो संगणकातच आहे, वेगळा विकत घ्यावा लागत नाही.

पहिल्यांदा हा आवाज अंगावर येतो. बटण, दुवा, शीर्षक, रकाना, सगळं सांगत सुटतो. कंट्रोल दाबा. गप्प झाला ना? हवं तेव्हा त्याला थांबवता येतं, हे आधी मनात मुरू द्या.

आता कॅप्स लॉक धरून वजाचं बटण दाबा. वेग उतरेल. पुन्हा दाबा. शब्द सुटे होईपर्यंत दाबत राहा. सरावलेली माणसं इतक्या वेगाने ऐकतात की नवख्याला काही उमगत नाही. त्यांची बरोबरी आज नको. कॅप्स लॉकसोबत व्ही दाबलं की तपशील कमी-जास्त होतो. त्याच्या पाच पातळ्या आहेत. पत्र वाचायला नुसता मजकूर पुरतो. अर्ज भरताना मात्र रकाना कोणता, हे ऐकू यायलाच हवं.

सावकाश एखादं मराठी पान उघडा. फक्त इंग्रजी आवाज असेल तर देवनागरीपाशी तो हरतो. हेमंत किंवा कल्पना हे हिंदी आवाज घेतले तर वाचन होतं, पण ‘चूल’, ‘जवळ’ हिंदी वळणाने कानी पडतात. कान जुळवून घेतात. पण दर वेळी कानांनीच का जुळवून घ्यायचं? या प्रश्नापाशी जरा थांबा.

मग युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधली एखादी जुनी सूचना उघडा. डोळ्यांना स्वच्छ मराठी, कानांना इंग्रजी अक्षरांचा चुरा. नुसता फोटो असेल तर पानावरचं एक अक्षरही सरळ वाचून होत नाही.

या आठवड्यात तुम्ही कुणाला काय पाठवलंत, आठवा. सोसायटीची नोटीस, शाळेचं परिपत्रक. तेच आता डोळे मिटून ऐका, आणि जिथे आवाज अडेल ती ओळ युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा.